पहिल्या खळ्याचा नवस

माझ्या सासऱ्यांना बैलांशी बोलायची सवय होती आणि माणसांशी न बोलायची. लग्न होऊन मी धाड या बाजारगावाच्या अलीकडच्या त्यांच्या गावात आले, तेव्हा पहिल्या महिन्यात ते माझ्याशी जेवढं बोलले त्याहून जास्त एका सकाळी तांबड्या बैलाशी बोलताना मी ऐकलं. मी लोणारकडची. आमच्या माहेरी चुलीवरचं दूध उतू गेलं तरी त्यावर घरातला प्रत्येक जण आपलं मत द्यायचा. इथे सासरे "हाव" म्हणायचे नाहीतर "नाई" म्हणायचे, आणि बाकीचं सगळं गोठ्यात जाऊन सांगायचे. मला त्याचा भारी राग यायचा. सासूबाई म्हणायच्या, "पोरी, त्यायच्या मनातलं समजून घ्याचं असन तं गोठ्याच्या कुडाले कान लाव." मी लावायचे.

गोठ्यात बैल दोन, तांबडा आणि पांढरा. पांढरा नखरेल. कडब्याचा बुडखा बाजूला सारून नुसता पाला निवडून खायचा. तांबडा खादाड, समोर येईल ते त्याचं. वाळत घातलेलं धोतर त्याने एकदा अर्धं चावून टाकलं, तर सासरे धोतर सोडून त्याच्या पोटाची काळजी करत बसले. शेतात दुपारची शिदोरी सोडली की भाकरीचा पहिला तुकडा तांबड्याचा. तो मान लांब करायचा, सासरे न बघताच डावा हात मागे न्यायचे, आणि खरखरीत जिभेने तुकडा उचलला जायचा. मग ते स्वतः खायला लागत.

बहात्तरच्या दुष्काळात गावातली बरीच गुरं बाजारात गेली, काही दावणीलाच बसली ती उठली नाहीत. आम्ही रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी खात होतो आणि खाताना तोंडं वाकडी करत होतो. बैलांना तेवढंही नव्हतं. कडबा संपला, बाभळीच्या शेंगा संपल्या, तेव्हा सासऱ्यांनी गोठ्याच्या छपरावरचं जुनं काड उपसून त्यांच्यापुढे टाकायला सुरुवात केली. रोज एक पेंढी. उन्हाळा संपेपर्यंत गोठ्यावर नुसत्या बल्ल्या राहिल्या आणि आत ऊन पडायला लागलं. पण दोन्ही बैल पायांवर उभे होते. अख्ख्या आळीत नांगराला जुंपता येईल अशी तेवढी एकच जोडी उरली होती.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली, कणसं अशी भरली की बघणारा बोलायचा थांबे. थंडीत कणसं खुडून झाली. सासूबाईंनी आणि मी खळं शेणाने सारवून गुळगुळीत केलं. मधोमध मेढीचा खांब रोवला. सकाळी आमचे हे बैल घेऊन आले आणि त्यांच्या हातात दोन मुसकी होती. मळणीला बैल मेढीभोवती कणसांवरून गोल गोल फिरतात, दाणा त्यांच्या पायाखाली असतो, म्हणून तोंडाला दोरीचं जाळीदार मुसकं बांधतात. पिढ्यान्‌पिढ्या बांधत आलेत.

सासऱ्यांनी मुसकी यांच्या हातातून घेतली आणि बाजूच्या बाभळीला अडकवून ठेवली.

"यंदा नाई बांधाचे," ते म्हणाले.

"काऊन?" सासूबाई.

"मारुतीले बोललो होतो. हे दोघं जगले तं पहिल्या खळ्यावर त्यायचं तोंड बांधनार नाई."

एवढं लांब वाक्य त्यांनी माणसांपुढे बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमचे हे आपल्या बापापुढे कधी बोलले नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अवो, जनावर हाय ते. त्याले पोट भरलं हे कोन सांगन? अन् नवस करतानी मले इचारलं काय?"

"वर्सभर छपराचं काड खाल्लं त्यायनं," सासरे म्हणाले. "एक दिवस तं पोटभर खाऊ द्या लेकरायले."

सासूबाई कणसं पसरायला वळल्या. आणि खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. ज्यांनी गोठ्याचं छप्पर खाऊन दिवस काढले, त्यांच्यापुढे आता दाण्याची रास पसरली होती. पांढऱ्याने चार कणसं चघळली आणि तो चालायला लागला. तांबडा पावलागणिक तोंड खाली घालायचा. बैलांची पात थांबायची, सासरे थांबायचे, हाकायचे नाहीत. दुपारी बैल सोडले तेव्हा तांबड्याला त्यांनी राशीजवळच बांधलं. दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी लग्नाच्या मांडवातसुद्धा पाहिलं नव्हतं.

दिवस मावळायला तांबडा गोठ्यात येऊन खाली बसला. कडब्याला तोंड लावलं नाही. डोळे अर्धे मिटलेले, मान जडावलेली.

"पाह्य," सासरे मला म्हणाले, मला! "कसा तृप्त झाला."

मी पाहिलं. मलाही तो तृप्तच वाटला. हसावं की रडावं ते आजही कळत नाही. दुखणं समोर बसलं होतं आणि आम्ही घरचे सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होतो.

सकाळी तो उठेना. पुठ्ठ्याला हात लावला तरी कान हलवला नाही. नाकपुडीवर एरवी दव असावं तसा ओलावा असायचा, ती कोरडी पडलेली. डावी कूस फुगलेली. शेण पाण्यासारखं, त्यात अख्खे दाणे, आणि वास इतका आंबट की मी पदर नाकाला लावला. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं तोंड हलत नव्हतं. बसलेला बैल आणि रवंथ नाही, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. सासरे त्याच्या तोंडासमोर उकिडवे बसले आणि त्या जबड्याकडे बघत राहिले.

गाव गोळा झालं. गाव गोळा झालं की इलाज फुकट मिळतात. एकाने तेल पाजायला सांगितलं, एकाने ओवा. एक शहाणा म्हणाला, अशक्तपणा आलाय, ज्वारीची पेज पाजा. सासूबाईंनी त्याला असं काही पाहिलं की तो मागच्या मागे निघून गेला. आमचे हे एसटीने धाडला गेले आणि गुरांच्या डॉक्टरला घेऊन आले.

डॉक्टर तरणा होता, बाहेरच्या जिल्ह्यातला. चहा पुढे केला तर म्हणाला, "आधी ह्याचं बघू." त्याने डाव्या कुशीवर मूठ दाबली, कान लावला. भरलेल्या मडक्यासारखं आत डुचमळत होतं, ते आम्हालाही ऐकू आलं. मग विचारलं, "काल काय खाल्लं ह्याने?"

सासऱ्यांनी तांबड्याच्या पाठीवर हात ठेवला. सासूबाईंनी सांगितलं, नवसासकट. मला वाटलं डॉक्टर आता खेड्यातल्या अडाण्यांवर भाषण देणार, आणि मी त्याला उलटं काय सुनवायचं ते मनात जुळवूनही ठेवलं. पण तो तसा नव्हता. गोठ्यातच बसून त्याने समजावलं.

"काका, बैलाचं पहिलं पोट म्हणजे मोठा रांजण. त्यात डोळ्याला दिसत नाहीत असे बारीक जीव असतात. कडबा, गवत तेच फोडतात, हळूहळू. बैल रवंथ करतो तेव्हा लाळ पोटात जाते, ती आंबटपणा ताब्यात ठेवते. दाणा मात्र झपाट्याने आंबतो, आणि त्याला रवंथही फारसा लागत नाही. एकदम इतका दाणा गेला की रांजणच आंबून जातो. ते जीव मरतात. मग पोट चालणार कशावर?"

"आंबिलीवानी," सासूबाई म्हणाल्या. "जास्त आंबली तं फेकून द्या लागते."

"तशीच. पण ही फेकता येत नाही."

सासऱ्यांनी तेव्हा तोंड उघडलं. "त्यायले उपाशीच ठेवाचं होतं काय मंग? वर्सभर उपाशीच होते."

"म्हणूनच तर," डॉक्टर म्हणाला. "वर्षभर गवत-काडीवर राहिलेला बैल. त्याच्या पोटाला दाण्याची ओळखच उरली नव्हती. रोज मूठ-मूठ वाढवत नेला असता तर पचला असता. तुम्ही उपाशी ठेवून नाही, भरवून आजारी पाडलंत."

शेवटचं वाक्य त्याने हळूच म्हटलं, पण लागायचं ते लागलं. सासरे उठून कुडाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचा मला एरवी इतका राग यायचा, त्या वेळी त्यांच्या पाठीकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरने पिशवीतला सोडा पाण्यात कालवून बांबूच्या नळ्याने पाजला. तो पुरेना. दिवसातून पुन्हा पुन्हा द्यायला हवा होता आणि गावातल्या दुकानात भजी फुगवण्यापुरती पुडी होती. तेव्हा मी पदर सावरून म्हटलं, "माझ्याकडे पापडखार आहे." लोणारच्या खाऱ्या तळ्याकाठचा खार माझ्या आईने पापडांसाठी गाठोड्यात बांधून दिला होता. सासूबाई त्या गाठोड्याला वर्षभर नावं ठेवत होत्या. म्हणे माहेरून लोक सोनं आणतात, हिने माती आणली. डॉक्टरने चिमूट जिभेला लावली, विचार केला आणि म्हणाला, "चालेल. पण हा जहाल असतो. थोडाच घ्या, आणि पाणी भरपूर." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या.

जाताना त्याने आणखी एक सांगितलं: नुसता कडबा खाणाऱ्या धडधाकट जनावराच्या तोंडातला रवंथ काढून ह्याला चारा, म्हणजे पोटात पुन्हा जीव पडतील. पांढऱ्यानेही दाणा चघळला होता म्हणून शेजारची म्हातारी गाय धरली. ती डोळे मिटून निवांत रवंथ करत असताना सासूबाईंनी तिच्या गालात हात घालून हिरवा गोळा काढला. शेजारीण बोंबलली, "माह्या गाईच्या तोंडातला घास कायले चोरता वो?" सासूबाई म्हणाल्या, "उसना नेऊन राह्यलो. हा बरा झाला की परत करतो."

त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, खार पाजणं चालू राहिलं. तांबडा पडूनच. आणि खळ्यावर अर्धी मळलेली ज्वारी उघडी पडलेली, तिच्यावर पाखरं. शेजाऱ्यांनी पावसानंतर विकत आणलेला आपला एक बैल पांढऱ्याच्या जोडीला देऊ केला. आमच्या यांनी बाभळीवरची मुसकी काढली, तर सासरे म्हणाले, "नाई."

मुसकं बांधलं तर देवाला दिलेला शब्द मोडतो, मग देव तांबड्याला नेणार. नाही बांधलं तर पांढराही जाणार, वर दुसऱ्याचा बैल. हे त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण त्यांचं डोकं त्याच मेढीभोवती फिरत होतं हे मला कळत होतं. माझा मात्र ताबा सुटला. सासऱ्यांपुढे सुनेने तोंड वर करून बोलायचं नसतं, हे सगळं ठाऊक असून मी बोलले.

"मामाजी, मारुतीला तुमचा शब्द पाहिजे का बैल जगलेला पाहिजे, हे त्यालाच जाऊन विचारा की."

सासूबाईंनी माझा दंड असा दाबला की वळ उठला. सासरे उठले आणि टोपी न घालताच मारुतीच्या पाराकडे निघाले. बोडक्या डोक्याने ते कधी दाराबाहेर पडत नसत. सासूबाईंनी टोपी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "आता तूच जाय मांगं. आग लावनारनंच इझवावं."

मी पाराच्या लिंबाआड उभी राहिले. त्यांना वाटलं तिथे कोणी नाही. गोठ्यात बोलायचे त्याच आवाजात ते शेंदूर लावलेल्या दगडाशी बोलत होते.

"शब्द म्या देल्ला होता. त्यायनं नाई देल्ला. त्यायले काय समजते? म्या त्यायचं तोंड आजपासून बांधतो. तुले कोनाचं तोंड उघडं ठेवल्याचा राग येत असन, बांधल्याचा येत असन, जे काय असन ते माह्यावर काढ. जोवर बैलाच्या तोंडाले मुसकं, तोवर माह्या तोंडात दाना जानार नाई. पन त्याले उठव."

मी टोपी तिथेच पाराच्या कडेला ठेवली आणि पाय न वाजवता परत आले. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर रागावले असेन, पण पूर्वीसारखी कधी नाही.

ते आले, मुसकी स्वतःच्या हाताने बांधली आणि पात हाकायला लागले. बैल सुटेपर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नाही. आणि संध्याकाळी मी खार पाजायला गोठ्यात गेले तर तांबड्याचा जबडा हलत होता. एकदा डावीकडे, मग थांबला, मग पुन्हा. मी नळा खाली टाकून ओरडलेच. सगळे धावत आले. सासरे दारातच खाली बसले आणि त्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत लहान मुलासारखे रडले.

श्रेय अर्थातच मारुतीला गेलं. माझ्या माहेरच्या खाराला आणि शेजारणीच्या गाईला कोणी नारळ फोडला नाही. पण सासूबाईंनी नंतर ते गाठोडं उचलून देवघराखालच्या फळीवर ठेवलं, आणि पापडांसाठी त्याला हात लावू दिला नाही.

तांबडा वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही. त्याचे खूर दुखायला लागले. बराच काळ तो जमीन तापलेली असावी तसा पाय उचलून उभा राहायचा. आंबलेल्या पोटाचा दोष खुरात उतरतो, असं डॉक्टरने सांगितलं. दाणा त्याला जपून, मुठीनेच. शेतात सासरे जेवायला बसले की तो पूर्वीसारखी मान लांब करायचा. सासऱ्यांचा डावा हात मागे जायचा आणि रिकामाच परत यायचा. मग ते त्याच्याकडे पाठ फिरवून जेवायचे. "दाना सोसत नाई तुले," ते त्याला सांगायचे, दर वेळी, जणू त्याने आधी ऐकलंच नव्हतं.

पोळ्याला तर मजाच. बैल दारोदार जाणार, बायका ओवाळणार आणि पुरणपोळी तोंडात देणार. कुणाला नाही म्हणायचं? सासरे तांबड्याच्या पुढे चालायचे, पोळी हातात घ्यायचे, बैलाच्या नाकाला लावायचे आणि स्वतः खाऊन टाकायचे. आळी संपेपर्यंत बैल ताजातवाना आणि सासऱ्यांचं पोट तट्ट. सासूबाई म्हणायच्या, "आता ह्यायलेच खार पाजा." मी पाजलाही, लिंबूपाण्यात चिमूटभर. बैल सुटेपर्यंत न जेवण्याचं मात्र त्यांनी दर खळ्याला पाळलं. मी गरम भाकरी नेली तरी ती बाभळीखाली गार होत पडायची.

तांबडा म्हातारा होऊन गेला, त्याच्या मागोमाग पांढरा. आम्ही त्यांना बांधावर पुरलं. सासूबाईही गेल्या. पुढे गावात मळणीचं मशीन आलं, खळं सारवायचं थांबलं. सासरे तोवर खूप थकले होते. माणसं ओळखण्यात त्यांची गल्लत व्हायची, मला ते कधी कधी आपली बहीण समजायचे. तरी आमची ज्वारी मशीनवर घालायची त्या दिवशी ते हट्टाने काठी टेकत शेतात आले.

मशीन धडधडत होतं. मी बाभळीखाली शिदोरी सोडली आणि भाकरी त्यांच्यापुढे ठेवली. ते खाईनात.

"बैलं सुटले काय?" त्यांनी विचारलं.

"सुटले, मामाजी," मी म्हटलं. "कधीचेच सुटले. जेवा आता."

त्यांनी मान हलवली. भाकरी मोडली, पहिला तुकडा डाव्या हातात घेतला आणि न बघता हात मागे नेला. तिथे नुसतं तण होतं. हात बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच पुढे आणला.

"नको," ते म्हणाले. "दाना सोसत नाई त्याले."

आणि तो तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.